मे महिन्यात पोराला कशात तरी ‘घालायचं’ का?

एप्रिल अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती कोसळायला लागतात. व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, रोबोटिक्स, वैदिक गणित, हस्ताक्षर सुधार, स्केटिंग, आणि एकात तर सात दिवसांत ‘लीडरशिप’, सकाळी आठ ते साडेदहा, नाश्त्यासकट. यंदा ह्या गदारोळात धाकट्या बहिणीचा वेगळा मेसेज आला, माझ्या भाच्याबद्दल, त्याची नववी नुकतीच संपलीये. "ताई, ह्याला कशात घालू ग? दोन महिने घरात लोळून मला वेड लावेल हा."

‘घालू’ हा शब्द बघा. कैरी वरणात घालतात, कपडे मशीनमध्ये घालतात आणि पोराला शिबिरात घालतात. त्यात पोरगं स्वतः काहीच करत नाही, त्याच्यावर केलं जातं. मला तर वाटतं अख्खा प्रश्न ह्या एका शब्दात आहे, पण तिला नुसतं असं बोलून भागणार नव्हतं, म्हणून हे सगळं लिहायला बसले. १३ ते १७ वयाच्या मुलांबद्दलच बोलतेय, लहान्यांचं गणित वेगळं.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ

ह्या विषयावर जे अभ्यास झालेत त्यात ‘स्ट्रक्चर्ड ॲक्टिव्हिटी’ असा शब्द येतो. म्हणजे ज्याची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, नियम ठरलेले, शिकवायला किंवा लक्ष ठेवायला मोठं माणूस हजर आणि आजच्यापेक्षा उद्या थोडं जास्त जमावं असा हेतू असलेलं काहीही. क्रिकेट कोचिंग, तबल्याचा क्लास, नाटकाची तालीम, मल्लखांब, सगळं ह्यात आलं. मी पुढे ह्याला ‘बांधलेला वेळ’ म्हणणारे आणि उरलेला तो ‘मोकळा वेळ’.

आपण भांडतो ते असं की बांधलेला चांगला की मोकळा चांगला. एका बाजूला शिस्तवाले, दुसऱ्या बाजूला ‘अहो बालपण जगू द्या’वाले. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं बरोबर सापडतं, त्यामुळे भांडण काही मिटत नाही.

पोरांना पेजर लावले तेव्हा काय दिसलं

मोबाइलच्या आधीची गोष्ट. शिकागोमध्ये मिहाय चिकसेंटमिहाय आणि रीड लार्सन ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी किशोरवयीन मुलांना पेजर दिले. दिवसात कधीही तो वाजणार, वाजला की हातातलं थांबवून एका फॉर्मवर लिहायचं, आत्ता काय करतोयस, कोणासोबत आहेस, मन लागतंय का, लक्ष लागतंय का. नंतर लार्सनने अशा बऱ्याच माहितीवरून २००० साली एक लेख लिहिला आणि त्यात जे मांडलं ते कोणत्याही आईला लगेच पटेल असं आहे.

वर्गात बसलेल्या मुलाचं डोकं कामाला लागलेलं असतं पण मन तिथे नसतं. मित्रांसोबत टवाळक्या करताना मन असतं पण डोक्याला काही काम नसतं. आणि जो खेळ, जी कला, जो छंद त्याने स्वतः निवडलाय तिथे मात्र डोकं आणि मन दोन्ही एकाच वेळी हजर असतात. लार्सनचं म्हणणं, पुढाकार घ्यायला मुलं इथे शिकतात, कारण आव्हान खरं असतं आणि ते अंगावर घेतलेलं असतं, लादलेलं नसतं.

म्हणजे ‘बांधलेला’ हे अर्धंच झालं, ‘स्वतः निवडलेला’ हे दुसरं अर्धं. दुसरं काढून टाकलं तर मे महिन्यात उरते ती शाळाच, फक्त गणवेश नसलेली.

चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. विदर्भातला मे म्हणजे काय ते तिकडच्या लोकांना विचारा. तिथे तरुण पोरं-पोरी घरचा कूलर सोडून जातात आणि कुदळ-फावडी हातात घेतात. कारण आपण होऊन गेलेत. तेच काम बापाने परसात सांगितलं असतं तर पाठदुखीपासून पोटदुखीपर्यंत सगळं सुरू झालं असतं.

सर्टिफिकेटचं काय करायचं?

हे थोडं आडवाटेचं आहे पण सांगतेच. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तिघांनी बालवाडीतल्या अशा मुलांवर प्रयोग केला ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर रिबीन लावलेलं छान सर्टिफिकेट मिळेल. मिळालंही. पण थोड्या दिवसांनी वर्गात तेच पेन नुसतेच ठेवले तेव्हा ही बक्षिसवाली मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत बसली. आवड होती ती मजुरी होऊन गेली.

ती मुलं लहान होती हे खरंय, पण आपल्याकडे सात दिवसांच्या शिबिराच्या शेवटी प्रत्येकाला मेडल आणि सर्टिफिकेट वाटतात ना, ते बघून मला हाच प्रयोग आठवतो. भाच्याच्या कपाटात अशी अकरा मेडल्स आहेत. कशाची ते त्याला सांगता येत नाही.

‘आम्ही कुठे जायचो शिबिरांना? काही बिघडलं का आमचं?’

ही माझ्या भावाची पेटंट लाइन आहे. ऐकायला भारी वाटतं, पण नीट आठवून बघा. आजोळी गेलं की सकाळी विहिरीवर, पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून पोहायला शिकवणारा मामा काठावर उभा. दहा वाजता गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातले की कावळे हाकलायची ड्यूटी. दुपारी ऊन म्हणून बाहेर बंदी, मग पत्ते, कॅरम, नाहीतर कोणीतरी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा काढायचं. संध्याकाळी अंगणात पंधरा भावंडं, त्यात एक दादा असा की ज्याचा शब्द शेवटचा. दिवेलागणीला घरात.

ह्याला बांधलेला वेळ नाही तर काय म्हणायचं? वेळ ठरलेली, जागा ठरलेली, मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात आणि रोज काहीतरी नवीन जमायचं. फक्त फी नव्हती आणि नाव नव्हतं म्हणून आपल्याला तो मोकळा वाटायचा. आज तो मामा पुण्यात आयटीत आहे, विहिरीला जाळी बसलीये, भावंडं म्हणजे एखादा चुलतभाऊ, तोही झूम कॉलवर. ती न दिसणारी बांधणी निघून गेली आणि आपण म्हणतो ‘आमच्यासारखं मोकळं सोडा’. आमच्यासारखं सोडायला आमच्यासारखी माणसं लागतात हो आजूबाजूला.

आणि देखरेखीचा भाग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दर मे महिन्यात पेपरात बातमी असतेच, पोहायला गेलेली मुलं शेततळ्यात, धरणात, खाणीच्या पाण्यात बुडाली. वेन ऑसगुड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तरुणांच्या अभ्यासातून मांडलं होतं की जवळ कोणी मोठं नाही, हाताला काम नाही आणि सोबत फक्त बरोबरीचे मित्र, असा वेळ जितका जास्त तितकी भलत्या गोष्टींची शक्यता जास्त, आणि ह्यात पोरं वाईट असतात असं नाही, संधीच तशी चालून येते. त्यामुळे मी ‘सोडून द्या मोकळं’ म्हणत नाहीये.

दोन महिने पुस्तक उघडलं नाही तर विसरेल ना सगळं?

थोडं विसरेल. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतले ३९ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सुट्टीनंतर मुलं सरासरी साधारण महिनाभराच्या अभ्यासाइतकी मागे गेलेली दिसली, गणितात जास्त, वाचनात कमी. हा आकडा जगभर फिरतो आणि क्लासवाल्यांना तर फारच प्रिय. पण पुढे पॉल वॉन हिप्पेल ह्या संशोधकाने २०१९ मध्ये जुन्या निष्कर्षांना आव्हान दिलं, त्याचं म्हणणं की परीक्षा कोणती घेता आणि गुण कसे मोजता त्यावर हा खड्डा लहान-मोठा होतो, काही नव्या माहितीत तर तो फारसा दिसतच नाही.

शिवाय आपली सुट्टी तिकडच्यापेक्षा लहान. २०२५ मध्ये राज्य मंडळाच्या शाळांच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा सुरू, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिराने. हाताशी राहतात सहा-सात आठवडे. तेवढ्यात बीजगणिताला गंज चढू नये म्हणून दिवसाआड वीस मिनिटं गणितं सोडवली आणि आवडेल ते वाचलं तरी पुष्कळ झालं. रहस्यकथा वाचली तरी ते वाचनच.

दहा-दहा वाजेपर्यंत लोळत पडतो त्याचं काय?

ह्याची मात्र मी पोरांच्या बाजूने वकिली करणार. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन हे हार्मोन रात्री उशिरा पाझरायला लागतं, मेरी कार्सकाडन ह्या संशोधिकेने ह्यावर अनेक वर्षं काम केलंय. आणि १३ ते १८ वयाला झोप लागते ८ ते १० तास. वर्षभर सकाळी सातची शाळा, त्याआधी रिक्षा, संध्याकाळी क्लास, म्हणजे मूल दहा महिने झोपेच्या उधारीवर जगतं. सुट्टीचे पहिले आठ-दहा दिवस ते उधारी फेडतंय, फेडू द्या.

गंमत अशी की फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सकाळी ९ च्या आधी शाळा भरवू नका म्हणून सांगितलं ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. सकाळी ज्यांना खरंच उठवत नाही ती आठवी-नववीची मुलं बसली पुन्हा सातच्या बसमध्ये. असो.

पण रात्री तीनपर्यंत रील बघून दुपारी एकला उठणं ह्याला मी उधारी म्हणत नाही, ते नवं कर्ज. शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी वेळ हळूहळू मागे आणावी लागते, एका रात्रीत नाही होत.

मोबाइल, दुसरं काय

हा मुद्दा टाळून चालणार नाही. ‘असर’ ह्या शालेय शिक्षणाबद्दलच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं तेव्हा आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली निघाली ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. खेड्यातली मुलं ही, शहरातलं काय सांगायचं.

मोकळा वेळ पूर्वी रिकामा असायचा. कंटाळा यायचा, कंटाळ्याचाही कंटाळा यायचा आणि मग हात आपोआप काहीतरी शोधायचे, सायकलची चेन, रेडिओचा स्क्रू, आईची शिलाई मशीन. आता कंटाळा यायच्या आत फोन हातात येतो, म्हणजे मोकळा वेळ मोकळा राहिलेलाच नाही, तोही दुसऱ्या कोणीतरी बांधलाय, आणि त्याला तुमच्या पोराचं काय होतं ह्याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून सुट्टीत फोनसाठी काही तास नक्की करणं मला मोकळीकीच्या विरोधात वाटत नाही. घरातल्या मोठ्यांचेही तास नक्की करा पण, नाहीतर पोरं ऐकतात होय.

मग पूर्ण दिवस भरून टाकू का?

कोकणातल्यांना अढी माहीत असेल. कच्चे आंबे उतरवायचे, पेंढ्यात एकाशेजारी एक लावायचे आणि ठेवून द्यायचे. दर तासाला दाबून बघितलं तर आंबा पिकत नाही, डागाळतो. पण पूर्ण विसरूनही चालत नाही, मध्येमध्ये हात घालून नासका निघाला का बघावं लागतं. आणि ज्यांना हा धीर नाही ते कार्बाइड टाकतात, कायद्याने बंदी असूनही, मग बाहेरून पिवळा धम्मक आणि आत आंबट. सकाळी स्विमिंग, दहाला रोबोटिक्स, बाराला फाउंडेशन (म्हणजे जेईई-नीटची आतापासूनच तयारी), चारला गिटार असं वेळापत्रक बघितलं की मला ती पिवळी पेटी आठवते.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सहा-सात वर्षांच्या ७० मुलांचा अभ्यास केला होता, ज्यांचा मोकळा वेळ जास्त होता ती आपलं आपण ठरवून काम करण्यात जरा पुढे दिसली आणि ज्यांचा दिवस मोठ्यांनी बांधलेला ती मागे. लहान वयाचा आणि छोटासा अभ्यास आहे, त्यावर इमला बांधू नका, पण दिशा कळते.

उलट बाजूही ऐका. जोसेफ महोनी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘मुलं उपक्रमांच्या ओझ्याने दबलीयेत’ हा दावा अमेरिकेतल्या माहितीवर तपासला तेव्हा खरोखर ओझं असलेली मुलं फार थोडी सापडली आणि कशातच नसलेल्यांपेक्षा कशात तरी असलेली मुलं साधारण बरी दिसली. आता कशात तरी असलेल्यांच्या घरची परिस्थितीही बरी असते हा भाग आहेच. पण माझा अंदाज असा की दिवसाचे दोन-तीन तास बांधलेले, तेही एकाच गोष्टीचे, आणि बाकी मोकळे, ह्यात बहुतेक मुलांचं चांगलं चालतं. पाच गोष्टी पाच-पाच दिवस करण्यापेक्षा एक गोष्ट महिनाभर. ‘मला जमतंय’ ही भावना यायला आधी न जमण्याचे आठ-पंधरा दिवस जावे लागतात, सात दिवसांच्या शिबिरात त्या आधीच मेडल येतं.

मुलींची सुट्टी हे वेगळंच प्रकरण

‘मोकळं सोडा’ म्हणणारे बहुतेक वेळा मुलग्यांबद्दल बोलत असतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८. हा फरक लग्नानंतर अचानक उगवत नाही. नववीतल्या मुलीची शाळा बंद झाली की तिचा मोकळा वेळ सकाळच्या चहापासून भांड्यांपर्यंत वाटला जातो, ‘घरीच तर आहेस’. तिच्यासाठी कराटेचा क्लास किंवा वाचनालयाची मेंबरशिप म्हणजे बऱ्याचदा घराबाहेर पडायचं एकमेव न विचारलं जाणारं कारण. तिथे बांधलेला वेळ हाच मोकळा. मुलगी असेल तर हा सगळा लेख ह्या परिच्छेदापासून उलटा वाचा.

पैसे नाहीत, गावात शिबिर नाही

आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी सांगितलं होतं की गेल्या महिन्यात आपण दारू पिऊन झिंगलो. २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी नुसती भाषणं नाही दिली, खेळ-संगीत-कलेच्या क्लबांवर सरकारी पैसा घातला, रेक्याविक शहराने तर मुलामागे वर्षाला ठराविक रक्कम दिली की घ्या, ह्यातून कुठल्याही क्लबची फी भरा. सोबत पालकांना एकत्र आणलं, रात्री बाहेर राहण्याच्या वेळा पाळायला लावल्या. थोडक्यात ‘आवडीचं काहीतरी’ ही श्रीमंतांची चैन राहू दिली नाही.

आपल्याकडे अशी सोय नाही. पण गावोगावी अनुदानावर चालणारी सार्वजनिक वाचनालयं आहेत, तालमी आहेत, भजनी मंडळातला पखवाजवाला आहे, टू-व्हीलरचं गॅरेज आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते बारावीच्या मुलांनी स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकावं, सुट्टीतसुद्धा, असं लिहिलंय. आणि कायद्याची भीती असेल तर तेही सांगते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, पण सुट्टीत घरच्याच धंद्यात, धोक्याचं नसेल तर, मदत केलेली चालते, आणि १४ ते १८ ला धोक्याच्या उद्योगांत बंदी. म्हणजे बापाच्या किराणा दुकानात दोन तास गल्ल्यावर बसून हिशोब शिकणं ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझ्या मते त्या ‘लीडरशिप’पेक्षा दणदणीत.

‘पण फाउंडेशन बॅच तर सगळेच लावतायत’

केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका असं स्पष्ट आहे. सीबीएसईने २०२३ मध्ये शाळांना बजावलं होतं की १ एप्रिलच्या आधी नवीन वर्ष सुरू करू नका, घाईत अभ्यासक्रम उरकला तर मुलांवर ताण येतो. म्हणजे ज्यांचा धंदाच अभ्यास आहे तेही थांबा म्हणतायत.

दहावीवाल्यांची तर गोष्टच वेगळी. २०२५ मध्ये दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्चला झाला, निकाल १३ मेला, आणि अकरावीचे वर्ग भरायला ऑगस्ट उजाडला. चार-पाच महिने! आयुष्यात एवढी सलग सुट्टी पुन्हा बहुधा रिटायर झाल्यावरच. ह्यात मात्र अजिबात बांधणी नसेल तर पोरगं खरंच सैरभैर होतं, पण ती बांधणी म्हणजे अकरावीचं फिजिक्स दोनदा संपवणं हीच का असावी ते मला कळत नाही.

तो सगळ्यालाच नको म्हणतो

हा बहिणीचा शेवटचा प्रश्न होता. मी म्हटलं, ‘करणार का नाही’ असं विचारू नकोस, ‘काहीतरी एक करायचंय, कुठलं ते तू सांग’ असं विचार. पहिले दहा दिवस विचारूच नकोस. मग त्याला तीन पर्याय शोधून आणायला सांग, फी किती, कुठे, किती वाजता, फोन त्यानेच करायचा. आणि सुरू केलं तर किमान तीन आठवडे सोडायचं नाही, एवढी एक अट तुझी.

तिने विचारलं त्याला. तो म्हणाला, "विचार करून सांगतो." ह्याला चार दिवस झाले, दरम्यान ‘लीडरशिप’वाल्यांची लवकर नाव नोंदवणाऱ्यांची सवलत संपली, आणि आता ती मला रोज रात्री मेसेज करते की अजून विचारच करतोय ग हा.